धामणीची फळी

"आमच्या घरात हत्यारं दोनच, एक विळी अन् दुसरी हिची जीभ," असं आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी भिवापूरची. मिरचीच्या गावची मुलगी करून आणली तर ठसका लागायचाच, ते त्यांनी आधीच धरून चालायला हवं होतं. त्या घरात तिसरं हत्यार आलं ते धनुष्य. ते त्यांनी स्वतःच्या हातानं, आयुष्यात पहिल्यांदा, एका फळीतून केलं. त्याबद्दल मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आता लिहिते, कारण ज्यांच्यापुढं लाज वाटावी अशी माणसं उरली नाहीत.

हे सरकारी कचेरीत नकाशे उतरवून काढायचे. दिवसभर टेबलावर वाकून नद्या, नाले, गावांच्या शिवा. हात इतका स्थिर की पोळपाटावर काजळानं रेघ मारली तरी सरळ यायची. आम्हाला मूलबाळ झालं नाही. दोघांचाच संसार, नागपूरच्या पूर्वेच्या टोकाला, जिथं वस्ती संपून तुरीची वावरं लागायची. धनुष्य केलं त्या वर्षी चैत्रात त्यांना खोकला लागला तो हटेना. संध्याकाळी अंग तापायचं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि कचेरीतून सहा महिने रजा काढायला सांगितली. दुखण्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. नाव न घेतलेलं दुखणं कोणतं, ते तेव्हा सगळ्यांना कळायचं.

मोकळी हवा, दूध आणि माशाचं तेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेलाची बाटली घरात आली तेव्हा मी ती न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवली आणि त्यांना तिथंच उभ्यानं प्यायला लावली. प्यायल्यावर अकरा चुळा. हे म्हणायचे, "अवं, अर्धं तेल तं तुह्या चुळांनीच बाहेर पडून राहिलं." मी ऐकत नसे. सोवळंओवळं म्हटलं की मला दुसरं काही दिसायचं नाही. माझा स्वभावच तसा, आणि पुढं जे झालं ते त्या स्वभावानंच झालं.

पावसाळ्यात ताप उतरला. श्रावणात हे ओसरीवर बसून पुन्हा चेष्टा करू लागले, आणि एक दिवस म्हणाले, "मले धनुष्य करायचं हाये."

मी म्हटलं, "रावण राहतो कुठं, तेही सांगा."

तर त्यांनी जुनी आठवण काढली. कचेरीच्या कामानं ते एकदा पारशिवनीकडच्या जंगलात गेले होते. तिथं एका म्हाताऱ्या गोंडानं त्यांच्या हाती आपलं धनुष्य दिलं, आणि यांना ते अर्ध्यापर्यंतही ओढता आलं नाही. म्हातारा हसला. हात नाही, छाती उघडावी लागते बाबू, असं काहीसं म्हणाला. तेव्हा ते विसरून गेले होते. आता पडल्या पडल्या त्यांना ते आठवायला लागलं होतं. डॉक्टर छाती म्हणतो, म्हाताराही छातीच म्हणत होता.

"आपलं धनुष्य करीन," ते म्हणाले, "रोज थोडं थोडं ओढीन. ज्या दिवशी दोरी कानापर्यंत आली, त्या दिवशी मी बरा झालो समज."

हे त्यांनी हसत सांगितलं, पण मी हसले नाही. मला ते पटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ती काडी आम्ही दोघांनी त्या दिवशी धरली. त्यानंतर मी देवाला वेगळं काही मागितलं नाही. दोरी कानापर्यंत येऊ दे, एवढंच मागत होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या सुताराचं दुकान होतं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. टांगे, दारं, पाळणे असं काम. धनुष्य म्हटल्यावर त्यानं सरळ सांगितलं, "भाऊ, बांबू घ्या. दोन दिवसांत होते." पण यांना बांबू नको होता. बांबूचं तर पोरंही करतात म्हणे. यांना फळीवर पेन्सिलीनं रेघ आखून त्या रेघेतून धनुष्य काढायचं होतं. "जनमभर कागदावर वाकडी नदी काढली," ते म्हणाले, "एखादं लाकूडही वाकवून पाहू दे."

मिस्त्रीनं डोकं खाजवलं आणि मागून एक फळी काढली. धामणीची. टांग्याच्या दांड्यांसाठी ठेवली होती. धामण वाकते पण मोडत नाही, कावडीही तिच्याच करतात. ती त्यानं उन्हात नेऊन तिच्या शिरा आम्हाला दाखवल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या सरळ, एकही कडेला फुटून गेलेली नाही. "इच्यात गाठ नाही," असं तो दोनदा म्हणाला. मी तिथंच उभी होते. मी ऐकलं होतं.

त्यानं करवतीनं जाडसर आकार काढून दिला. बाकीचं यांनी केलं, ओसरीवर बसून, नाकातोंडाला पंचा बांधून. रंधा चालवायला दम पुरेना म्हणून मिस्त्रीनं त्यांना फुटक्या बाटलीची काच दिली. काचेच्या धारेनं लाकूड खरवडायचं. पातळ, केसासारखा भुसा निघायचा. दिवसाला थोडंच काम व्हायचं. ते घाई करू लागले की मिस्त्री म्हणायचा, "भाऊ, जास्त लाकूड राह्यलं तं उद्या काढता येते. काढलेलं लाकूड काही परत लावता येत नाही." आणि मी वरून म्हणायची, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

खरं काम भाद्रपदात सुरू झालं, वाक पाहण्याचं. अंगणातल्या भिंतीत मिस्त्रीनं दोन खुंट्या ठोकल्या. त्यावर धनुष्य आडवं ठेवायचं, दोरीला सुंभ बांधायचं, ते खाली कडीतून ओवून घ्यायचं आणि लांबून ओढायचं. ओढायचं मी. हे समोर स्टुलावर बसून एक डोळा मिटून दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते पाहायचे. भिंतीवर त्यांनी कोळशानं कमान आखली होती. "थोडं अजून. बस. सोड. डावी बाजू आळशी हाये, काम करून नाही राहिली." मग डावीकडे जिथं ताठ असेल तिथं पेन्सिलीनं खूण, तिथं काच, पुन्हा खुंटीवर. असं दिवसातून वीस वेळा. माझ्या तळव्यांना घट्टे पडले. इतकी वर्षं संसार केला, पण आम्ही दोघांनी मिळून एक वस्तू केली ती तेवढीच. लग्नानंतर इतकी सुखात मी कधी नव्हते, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

एक दिवस दोन्ही बाजू सारख्या वाकल्या. भिंतीवरच्या कोळशाच्या कमानीवर धनुष्य बरोब्बर बसलं. हे स्टुलावरून उठले, भिंतीजवळ गेले आणि तिथं हात टेकून उभे राहिले. डोळे भरले होते. मी म्हटलं, "भुसा गेला वाटतं डोळ्यात." ते म्हणाले, "हो, भुसाच."

मिस्त्री म्हणाला, आता धनुष्याच्या पाठीवर, बाहेरच्या अंगाला, कापड चढवा. फळी कितीही चांगली असली तरी कापलेल्या लाकडाला ओढलं की पाठीवरून शिरा सुटायची भीती असते. रेशमी कापड सरसानं पक्कं बसवलं की ती भीती गेली. यांचा पूजेचा जुना टसरी मुकटा होता, ठिकठिकाणी विरलेला. त्याच्या पट्ट्या काढायच्या ठरल्या. मुकट्याचं मी मान्य केलं, पण सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा, ते कळल्यावर मी अंगण डोक्यावर घेतलं. देवपूजेचं वस्त्र आणि त्याला चामड्याची खळ! शेवटी मिस्त्रीनं अंगणाबाहेर तीन विटा मांडून त्यावर सरस तापवला, आणि मी नाकाला पदर लावून आत बसले. पट्ट्या चढवून झाल्यावर त्यानं मला हाक मारून सांगितलं, "बाई, आठ रोज याले पाणी लागू नका देऊ."

मी आठ दिवस मोजले. पितृपक्ष सरला, घट बसले. पाण्याचा हंडा घेऊन ओसरीवरून जातानाही मी अंग चोरून जायची. नववा, दहावा, बारावा दिवस गेला. पट्ट्या अशा पक्क्या बसल्या होत्या की नखानंही उचलत नव्हत्या. दसऱ्याला मागच्या वावरात पहिला तीर मारायचा, असं यांनी ठरवलं.

खंडेनवमीला घरची हत्यारं धुऊन देवापुढं मांडायची. विळी, अडकित्ता, कात्री, मुसळ, यांची कंपासपेटी. पहाटे आंघोळ करून मी सगळं घासलं. मग धनुष्याकडे वळले आणि हात थांबला. चामड्याच्या सरसानं बरबटलेली वस्तू देवापुढं ठेवायची कशी? नुसतं गोमूत्र शिंपडलं असतं तरी चाललं असतं. पण अर्धवट काम मला कधी जमलं नाही. त्या धनुष्यावर माझ्या कुंकवाची आशा होती, ते देवापुढं जायचं तर शुद्ध होऊनच जायला हवं होतं. मी ते न्हाणीत नेलं, चार तांबे पाणी ओतलं, सरस जिथं कडेनं बाहेर येऊन वाळला होता तिथं काथ्यानं हळूहळू चोळलं, पुन्हा पाणी ओतलं. मग गोमूत्र, मग परत पाणी. पुसून अंगणातल्या उन्हात उभं केलं. दोनतीन ठिकाणी कापड फुगल्यासारखं दिसलं, ते मी अंगठ्यानं दाबून बसवलं. आठ दिवस कधीच होऊन गेले होते, त्यामुळं मनात शंका आली नाही. हे अजून झोपले होते. उठल्यावर मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर माझ्या चुळांसारखी त्याचीही चेष्टा केली असती.

आंघोळ करून ते देवापुढं आले. झेंडूची माळ घातलेलं धनुष्य पाहून लहान मुलासारखे खूश झाले आणि त्यांनी हात पुढं केला. मी ओरडले, "आज हत्याराला हात लावायचा नाही!" त्यांनी लगेच हात मागं घेतला आणि दोन्ही हात जोडले. त्या दिवशी मी त्यांना हात लावू दिला असता तर त्यांच्या बोटांना कळलं असतं. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या मनातून एक दिवसही गेलेली नाही.

दसऱ्याला दुपारी आम्ही दोघंच मागच्या वावरात गेलो. मिस्त्री आपल्या दुकानातल्या पूजेत होता. कडब्यानं भरलेलं पोतं बांधाला टेकवून ठेवलं. यांनी टोपी काढून माझ्या हाती दिली, डावा पाय पुढं टाकला, तीर लावला आणि दोरी ओढायला लागले. छातीपर्यंत आली. हनुवटीपर्यंत आली. त्यांची मान लाल झाली होती, पण खोकला आला नाही. कानाला चार बोटं राहिली असतील. मी मनात देवाचं नाव घेत होते. तेवढ्यात पाठीवरची टसरी पट्टी सालीसारखी सुटून वर आली, आणि कडकन आवाज झाला.

ते खाली बसले. लागलं नव्हतं. दोन तुकडे दोरीला लोंबत होते. त्यांनी एक तुकडा उचलला, सुटलेल्या पट्टीखालून बोट फिरवलं, अंगठ्यानं ते चोळलं, नाकाजवळ नेलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मी घाबरून विचारलं, "काय झालं हो?"

"गाठ होती वं," ते म्हणाले. "फळीत गाठ निघाली."

मी पाहायला वाकले तर त्यांनी तुकडे काखेत मारले. घरी आल्यावर म्हणाले, "घाल बंबात." मी म्हटलं, राहू द्या, त्या मिस्त्रीच्या डोळ्यांपुढं धरते, गाठ नाही म्हणून दोनदा सांगत होता मेला. तर ते माझ्यावर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा. "घाल म्हटलं ना!" मी बंबात घातले. इतक्या दिवसांची मेहनत, पाणी तापायच्या आत जळून गेली.

संध्याकाळी ते सोनं द्यायला म्हणून आपट्याची पानं घेऊन एकटेच बाहेर पडले. मी नको म्हणत होते. दिवे लागल्यावर परत आले ते धापा टाकत, आणि त्याच रात्री ताप चढला. पुन्हा तो पूर्ण उतरला नाही. मी दुसरी फळी आणायचं म्हटलं की म्हणायचे, "पुढच्या दसऱ्याले पाहू." सकाळी ओसरीवर येऊन बसायचे तेही हळूहळू बंद झालं. माघात ते गेले.

डॉक्टर म्हणाले, हे व्हायचंच होतं. असेल. पण मला कुणावर तरी रागवायचं होतं. देवावर रागवायची मला भीती वाटली, म्हणून मी मिस्त्रीवर रागावले. विहिरीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं, त्यानं आम्हाला सडकं लाकूड दिलं, त्याच्याकडे पाळणासुद्धा करायला टाकू नका. तेराव्याला तो येऊन ओसरीखाली बसला होता, मी बाहेर आले नाही. माझ्या बाजेचा पाय मोडला तो मी दुसऱ्या गल्लीतल्या सुताराकडून बसवून घेतला, आणि मिस्त्रीच्या दुकानासमोरून बाज मिरवत आणली. त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली. मला बरं वाटलं. तेही लिहिते, खोटं कशाला लिहू?

पुढचा दसरा आला. मला आता कुणी सोनं देत नव्हतं, मीही आतच बसून होते. संध्याकाळी दारात काठी वाजली. मिस्त्री होता. हातात आपट्याची दोन पानं. "बाई, सोनं घ्या," तो म्हणाला. "भाऊले दर साल देत होतो."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुमच्या हातचं सोनं मला नको. तुमच्या लाकडानं माझा माणूस गेला. गाठीची फळी दिली तुम्ही."

इतके महिने त्यानं सगळं ऐकून घेतलं होतं, पण हे त्याच्या तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं.

"फळीत गाठ नोहती, बाई," तो म्हणाला. "तिले पाणी लागलं होतं. सरस सुटला होता पाण्यानं."

"आठ दिवस झाले होते!" मी ओरडले, आणि ओरडता ओरडताच मला न्हाणी दिसली, तांब्या दिसला, फुगलेलं कापड दाबणारा माझा अंगठा दिसला.

"आठ रोजानं थे वाळते, बाई. पण पाण्याचा सरस तो, पाण्यानं कवाही सुटते. मी नीट सांगाले पाह्यजे होतं, मीच चुकलो." जे बोलायचं नव्हतं ते तोंडून गेलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी दाराची चौकट धरली आणि विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भाऊनं," तो म्हणाला. "त्याच सांजच्याले आले होते माह्याकडं. दुकानाच्या पायरीवर बसले, घंटाभर दम नाही जमला त्याहिले. मंग म्हनले, मिस्त्री, तिनं विचारलं तं फळीत गाठ होती म्हण. मी म्हनलं, भाऊ, माह्या लाकडाले जलमभर नावं ठेवतीन बाई. तं म्हनले, ठेवू दे गा, तुले सहन होईन. तिले खरं कळलं तं थे जलमभर धुणं धुताना रडन."

त्यानं पानं उंबऱ्यावर ठेवली आणि काठी टेकत गेला. मी त्याला थांबा म्हणाले नाही, माफी मागितली नाही. ती मागायला मला पुढं चार महिने लागले, आणि तेव्हाही तो म्हणाला, राहू द्या बाई, भाऊले जबान देल्ली होती, थे मोडली, आता माफी कोणी कोणाले मागावं.

माझी सत्तरी उलटून गेली. पुतण्याकडे राहते. त्याची बायको चांगली आहे, म्हणते, काकू, तुमची दोन लुगडी मोलकरणीकडे टाका, या वयात कशाला वाकता. मी टाकत नाही. रोज सकाळी नळाखाली बसते, पाणी सोडते, आणि पहिलं लुगडं भिजलं की डोळे आपोआप वाहायला लागतात. ते म्हणाले होते, तसंच.